वही क्रमांक दोनमधला निवाडा

बाबा गेले तो मंगळवार होता. सकाळी सव्वासातला मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते उठले नाहीत. मी कप टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली.

आठ वाजता आमच्या डॉक्टर आल्या. बाबांच्या हृदयाचं दुखणं त्यांना माहीत होतं. त्यांनी कागद लिहून दिला. अकराच्या सुमारास अंत्यविधीची व्यवस्था करणारे गृहस्थ आले. आमचे बूट-चपला दाराबाहेर पाहून त्यांनी न सांगता आपले बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर बैठकीच्या खोलीत येऊन बसले. फाइल उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निर्णय कोण घेणार?"

मला कळलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मृत्युपत्र आहे का?" ते म्हणाले. "त्यात त्यांनी कोणाला तरी नेमलं असेल."

"मृत्युपत्र नाही."

त्यांची नजर भिंतीलगतच्या कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली. "वकील होते?"

"कायद्याचा इतिहास शिकवायचे. इंग्लंडच्या."

"आणि मृत्युपत्र नाही," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी असं आधीही पाहिलं असावं. "मुलं किती?"

"दोघं. मोठा भाऊ पुण्याला असतो."

"मग सध्या तुम्हीच," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं.

हे 'सध्या तुम्हीच' मी पुढचे चार दिवस सनदेसारखं वापरलं. त्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळलं. आता लिहिते.

बाबांनी पुण्याच्या एका लॉ कॉलेजात जन्मभर एकच विषय शिकवला. तो पहिल्या वर्षाला असे आणि मुलं तो गाइड वाचून काढत. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात गाय चोरणाऱ्याचं काय करत हे कळून शिवाजीनगरच्या कोर्टात काय उजेड पडणार, असं मुलांचं म्हणणं. बाबा म्हणत, बरोबर आहे, काही पडणार नाही. आणि शिकवत राहत. 'कॉमन लॉ'ला 'सामान्य कायदा' म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते 'समाईक कायदा' म्हणत. समाईक भिंत असते, समाईक विहीर असते, तसा.

तो कायदा कसा झाला ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिसरीत असेन. बाबा जेवताना सांगत. आधी प्रत्येक गावाची आपली आपली रीत होती. एका गावात बापाची जमीन थोरल्याला, नदी ओलांडली की धाकट्याला, आणखी पुढे गेलं की सगळ्यांना सारखी. मग समुद्रापलीकडून आलेले राजे गादीवर बसले. त्यांच्यातल्या एका राजाने बाराव्या शतकात आपले न्यायाधीश घोड्यावर बसवून गावोगाव पाठवायला सुरुवात केली. ते गावात जाऊन बारा माणसांना बोलावत, शपथ घालत आणि विचारत, काय घडलं, कोणाच्या ताब्यात काय होतं. मग निवाडा देत. फेरी संपली की सगळे परत लंडनला. तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत.

"आणि जेवताना माणसं काय बोलणार?" बाबा विचारत. "कामाचंच. तू तिकडे काय केलंस, मी इकडे असं केलं. असं करत करत सगळे एकसारखं करायला लागले. कोणी बसून लिहून काढला नाही हा कायदा. जेवताना झाला." आणि आईकडे ताट सरकवून म्हणत, "आमटी वाढ."

आमच्या घरातही त्यांनी तेच चालवलं होतं. दादाचं आणि माझं भांडण झालं की ते दोन्ही बाजू ऐकून घेत, निवाडा देत आणि तो वहीत लिहून ठेवत. शंभर पानी, रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची वही. पुढच्या वेळी भांडण झालं की आधी वही काढायची. सायकलचा निवाडा आमच्याकडे प्रसिद्ध होता. पंक्चर काढून आणणाऱ्याला त्या संध्याकाळी सायकल मिळेल, असा तो होता. पुढच्याच आठवड्यात मी पंक्चर काढून आणलं तर दादा म्हणाला, "हे पंक्चर नव्हतंच. नुसती हवा गेली होती. तो निवाडा इथे लागू नाही." तो तेव्हा अकरा वर्षांचा. बाबा इतके खूश झाले की सायकल त्यालाच मिळाली. वर मला सांगितलं की निकाल वाचून उपयोग नाही, निकालाचं कारण वाच. ज्या कारणाने निकाल लागला ते इथे आहे का ते बघ. नसेल तर तो निकाल तुझ्या कामाचा नाही.

दुसरी एक गोष्ट ते वर्गातही सांगत आणि घरातही. जुना निवाडा पुढे करण्याआधी तो अजून उभा आहे का ते पाहायचं. नंतर कोणी तो रद्द केला असेल तर तुम्ही कोर्टात मेलेलं माणूस साक्षीला आणलंत. वकिलाला याहून लाजिरवाणं काही नाही. इंग्लंडच्या सर्वांत वरच्या न्यायासनाने कितीतरी काळ स्वतःचे निवाडे स्वतःवर बंधनकारक मानले होते आणि १९६६ साली कुठे जाहीर केलं की योग्य वाटेल तेव्हा आम्ही आमचा जुना निवाडा सोडू. बाबांना या घोषणेचं भारी कौतुक. "चुकलो म्हणायची सोय करायला किती वर्षं लागली बघ," म्हणत.

बाबांच्या निवाड्यावर अपील असायचं. ते स्वयंपाकघरात. जुन्या इंग्लंडात राजाच्या कोर्टात ठरलेल्या नमुन्याचा अर्ज लागे. नमुन्यात बसलं नाही तर दाद नाही. मग अडलेली माणसं राजाच्या चॅन्सेलरकडे, म्हणजे मुख्य कारभाऱ्याकडे, जात आणि तो नियम बाजूला ठेवून सदसद्विवेकाने काय ते सांगे. आमचा चॅन्सेलर आई होती. ती सगळं ऐकून घेऊन म्हणे, "बरं, आज त्याला घेऊ दे, उद्या तू घे. आणि दोघं हात धुऊन या." आईच्या निवाड्यांची वही नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे ऑकलंडला आले. आले सहा महिन्यांसाठी, राहिले ते तीन वर्षं. आमचं घर हिल्सबरोला, उतारावर. नवरा हॉस्पिटलात फार्मसिस्ट, मी सार्वजनिक लायब्ररीत पुस्तकं लावण्याच्या कामावर, मुलगी हायस्कूलला. दिवसभर बाबा एकटे असत. मी लायब्ररीतून त्यांना पुस्तकं आणून द्यायची. आमच्या शाखेत नसली तर दुसरीकडून मागवायची. ते आले त्याच सुमाराला न्यूझीलंडने लंडनकडे जाणारं शेवटचं अपील बंद करून आपलं सुप्रीम कोर्ट उभं केलं. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली. "आपण हे पन्नास वर्षांपूर्वी केलं," माझ्या नवऱ्याला म्हणाले, जणू सामना जिंकला होता. इंग्लंडचा कायदा या देशात कोणत्या दिवसापासून लागू धरायचा ती तारीखही त्यांनी शोधून काढली. १४ जानेवारी १८४०. मग काय, त्या जानेवारीत घरी तिळगूळ करायला लावला आणि नातीला सांगितलं, "तुमच्याकडे कायदा संक्रांतीला आला."

"आजोबा, यू आर सो वीअर्ड," ती म्हणाली आणि चार लाडू खाल्ले.

शेजारी एक माओरी बाई राहायच्या. बाबांच्याच वयाच्या. बाबांना त्या 'मातुआ' म्हणत, त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. दोघांचं इंग्रजी वेगवेगळ्या वळणाचं, तरी कुंपणाशी तास तास बोलत. बाबा त्यांना त्यांच्या रीती विचारायचे. जमीन कोणाची धरतात, मुलगा दुसऱ्याच्या घरात वाढला तर तो कोणाचा, माणूस गेलं की काय करतात. त्या सांगायच्या. त्यांच्याकडे माणूस गेलं की तीन दिवस, कधी जास्त, त्याला एकटं ठेवत नाहीत. कोणी ना कोणी शेजारी बसतं. लांबची माणसं पोचेपर्यंत थांबतात. घरात येऊन बाबा मला म्हणाले, "त्या राजाच्या न्यायाधीशांना गावोगाव अशीच माणसं भेटली असतील बघ. रीत विचारली की सांगणारी." मी पोळ्या लाटत होते. हो म्हटलं. तीन वर्षांत मी किती वेळा नुसतं हो म्हटलं ते मोजलेलं नाही.

त्या मंगळवारी दुपारी त्या बाई आल्या. बाबांना तोवर नेलेलं होतं. त्यांनी विचारलं, "तुझा भाऊ कधी येतोय?"

"व्हिसाचा अर्ज दिलाय आज. किती दिवस लागतील माहीत नाही."

"मग आपण थांबू," त्या म्हणाल्या. 'आपण' म्हणाल्या.

मी सांगितलं की आमच्याकडे थांबत नाहीत. शक्यतो त्याच दिवशी करतात. त्यांनी मान हलवली. "तुमची रीत तुम्हाला माहीत," म्हणाल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. मी चहा केला. तो कोणी घेतला नाही.

संध्याकाळी माउंट रोस्किलहून एक काका आले. निवृत्त बँक अधिकारी, इकडे मुलाकडे असत आणि मराठी घरांत पूजा सांगत. ते म्हणाले, "ताई, फार दिवस ठेवू नये. आधीच परदेश." मग अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. दहनाची वेळ शुक्रवारी दुपारी मिळत होती, नाहीतर पुढच्या गुरुवारी. आठवडाभर देह नीट राहील, काळजी करू नका, असंही त्यांनी सांगितलं. उद्या कळवा म्हणाले.

बुधवारी दुपारी चारला मी दादाला फोन लावला. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेलं कार्ड खरवडून नंबर फिरवायचा. मग एक बाई किती मिनिटं आहेत ते सांगायची, आणि मग पुणं. तिकडे सकाळचे साडेनऊ. मागे दूधवाल्याशी वहिनीचं बोलणं ऐकू येत होतं.

मी दहनाच्या दोन्ही वेळा सांगितल्या, देह आठवडाभर राहील हेही सांगितलं.

"मग गुरुवार," दादा म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

"गुरुवारपर्यंत व्हिसा नाही आला तर?"

"येईल."

"आणि नाही आला तर? मग पुन्हा पुढे ढकलायचं?"

मी म्हटलं, "आजीच्या वेळी बाबा थांबले नव्हते."

"आल्या. चीफ जस्टिस बाई आल्या."

"मी चेष्टा करत नाहीये, दादा."

"मी पण नाही. वही दोन ना? थांब, माझ्याकडेच आहे. धर फोन."

कपाट उघडल्याचा आवाज आला. बाबा येताना फक्त शेवटची वही घेऊन आले होते, बाकीच्या चार पुण्याला दादाकडे होत्या. मी पावती धरून उभी असल्यासारखी रिसीव्हर धरून उभी होते. तो परत आला आणि वाचायला लागला. बाबांच्याच लयीत, पूर्णविरामांसकट. वहीतला 'दादा' म्हणजे बाबांचे थोरले भाऊ.

"आई पहाटे गेली. दादा नागपूरला. तार केली. त्याची गाडी उद्या दुपारी पोचते. निवाडा. देह थांबत नाही. जो हजर, तो कर्ता. न आलेल्याचा हक्क जात नाही, पण त्याच्यासाठी विधी अडत नाही." मग तो म्हणाला, "संपलं. ऐकलंस?"

"ऐकलं."

त्याला शेवटची ओळ गाळता आली असती. वही त्याच्या हातात होती, मी बारा हजार किलोमीटरवर. त्याने सगळं वाचलं.

"पण हा इथे लागू नाही," तो म्हणाला. "आजी गेली तेव्हा साताऱ्यात मे महिना होता. ठेवणार कुठे? म्हणून देह थांबत नाही. तुझ्याकडे थंडी आहे आणि तो माणूस स्वतः म्हणतोय आठवडा राहील. कारणच नाही उरलं. बाबाच सांगायचे ना, आधी कारण बघ."

बॉयलरच्या कारखान्यात काम करणारा माझा भाऊ बाबांचा खरा विद्यार्थी होता. मी म्हटलं, "काका म्हणतात फार दिवस ठेवू नये."

"कोण काका?"

"इथले. पूजा सांगतात."

"ते कोणाचे काका? आपले?"

"दादा, मला नाही होत आता," मी म्हटलं.

तेवढ्यात कार्डवाली बाई मध्येच बोलली, एक मिनिट उरलं आहे. दादाने तिचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "तू ठरव. तू आहेस तिथे."

फोन बंद झाला. आई असती तर फोन तिच्याकडे गेला असता.

मी शुक्रवार ठरवला. वाद खरं तर मी हरले होते. दादाचा मुद्दा बिनतोड होता आणि तो मला पटलाही होता. पण आणखी आठवडाभर त्या घरात, त्या खोलीचं दार ओढून घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांना तेच तेच सांगत बसायचं माझ्यात त्राण नव्हतं. मला झोपायचं होतं. वही दोनमधला निवाडा हा मी पुढे केलेला कागद होता. कारण माझं थकणं होतं. हे तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सगळ्यांना म्हटलं, बाबांनी स्वतः असंच केलं होतं, लिहून ठेवलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. लिहून ठेवलंय म्हटल्यावर माणसं गप्प बसतात.

दादाला गुरुवारी ईमेल केली. फोन करायचं टाळलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. 'ठीक. त्यांना तो पांढरा सदरा घाल, कॉलरचा नको.'

शुक्रवारी पाऊस होता. वीस-पंचवीस माणसं आली. काकांनी मंत्र म्हटले. कोणी करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, मी. भिंतीत एक हिरवं बटण होतं, ते दाबायचं. मी दाबलं. शेजारच्या बाई सगळ्यांत मागे बसल्या होत्या. नंतर त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं.

रविवारी दुपारी मी बाबांची सुटकेस उघडली. मृत्यूच्या नोंदणीसाठी त्यांचा पासपोर्ट हवा होता. पासपोर्टच्या खाली पाचवी वही होती. मी ती या तीन वर्षांत कधी उघडली नव्हती. वाटलं होतं, म्हातारपणीची टिपणं असतील. पुस्तकांची नावं, औषधांच्या वेळा. तसंच होतं बरंचसं. मधेच एका पानावर शाई वेगळी होती, आणि वर दोनदा रेघ मारलेला मथळा.

'वही दोन, आईच्या अंत्यविधीचा निवाडा. रद्द.'

खाली लिहिलं होतं, 'काल हॉस्पिटलात दादाला भेटलो. जास्त दिवस नाहीत. म्हणाला, तू मला आईचा चेहरा पाहू दिला नाहीस. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोलला. उन्हाळ्याची सबब मी सगळ्यांना सांगत आलो. साताऱ्यात बर्फाची लादी मिळत होती. मी चौकशी केली नाही. दोन रात्री झोप नव्हती, उरकायचं होतं. निवाडा देताना खरं कारण लिहिलं नाही, म्हणून तो चुकीचा. यापुढे, जो निघाला आहे त्याच्यासाठी थांबावं.'

त्या पानावर तारीख नव्हती. बाबांचे हे दादा, आमचे थोरले काका, गेले ते माझ्या आईच्या आधी दोन वर्षं. म्हणजे हे पान बाबा इथे घेऊन आले होते. तीन वर्षं ते माझ्या घरात, त्यांच्या पलंगाखाली ठेवलेल्या सुटकेसमध्ये होतं.

मी पासपोर्ट काढला आणि सुटकेस बंद केली. संध्याकाळचा स्वयंपाक केला. मुलगी म्हणाली, "आई, यू पुट सॉल्ट ट्वाइस." तिने तरी खाल्लं.

सोमवारी दादाला व्हिसा मिळाला. बुधवारी दुपारी तो उतरला. दहनासाठी मिळत होता तो गुरुवार दुसऱ्या दिवशी होता.

त्याने विमानतळावर मला जवळ घेतलं, प्रवास कसा झाला ते सांगितलं, सिंगापूरला बॅग उघडायला लावली म्हणाला. बाबांच्या खोलीत त्यांच्याच पलंगावर झोपला. गुरुवारी आम्ही घराखालच्या उतारावरून मानुकाऊच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती, चिखलात बरंच चालावं लागलं. अस्थी त्याने सोडल्या. पाय धुताना म्हणाला, "खाडी छान आहे."

वही दाखवायची की नाही याचा विचार मी सोमवारपासून करत होते. दाखवली नसती तर त्याला कळलं नसतं. पण आधीच्या बुधवारी फोनवर त्याने शेवटच्या ओळीसकट वाचलं होतं. शुक्रवारी सकाळी, सगळे कामाला गेल्यावर, मी वही ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवली. तो चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट तसंच राहिलं.

त्याने पान दोनदा वाचलं.

"हे कधी मिळालं?"

"रविवारी."

"शुक्रवारच्या नंतरच्या रविवारी."

"हो."

"मी माझ्याकडची काढून वाचून दाखवली," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुझ्याकडची तू बघितली नाहीस."

"नाही बघितली."

"खोलीतच होती?"

"पलंगाखाली."

तो थोडा हसला. "पहिल्या वर्षाची मुलं करतात ही चूक."

"दादा, बघितली असती तरी मी थांबले असते की नाही, मला माहीत नाही. मी दमले होते." हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

मला वाटलं, हेही लागू नाही असं काहीतरी म्हणेल, लहानपणी बाजू सोडवायचा तसं. तो म्हणाला, "बिस्कीट विरघळलं," आणि कप मोरीत ओतायला उठला. मग बाबांच्या जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, पायात घालून मागच्या लाकडी डेकवर जाऊन उभा राहिला. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून त्याला "किया ओरा" म्हटलं. त्याने नमस्कार केला. त्या इकडे आल्या, त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहत होते. बोलणं ऐकू आलं नाही. त्यांनी हाताने बाबा कुठे उभे राहायचे ते दाखवलं. दादा तिथे जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी मुलीने मला विचारलं, "इज मामा मॅड अॅट यू?"

"नाही गं. मामा दमलाय."

"यू ऑलवेज से दॅट."

दादा आणखी सहा दिवस राहिला. नळाचा वायसर बदलून दिला, गाडीतून पापाटोएटोला जाऊन वहिनीने मागवलेला इथला मनुका मध आणला, बाबांची पुस्तकं खोक्यांत भरली. त्यांतली इतिहासाची पुस्तकं मी नंतर लायब्ररीला दिली. ती तिथे मीच कपाटात लावली. निघायच्या दिवशी त्याने पाचवी वही मागितली. मी दिली. बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवताना तो म्हणाला, "पाची एका जागी असलेल्या बऱ्या."

त्याला आता बारा वर्षं होत आली. मुलगी वेलिंग्टनला नोकरी करते. शेजारच्या बाईही गेल्या. त्यांच्या घरी चार दिवस दार उघडं होतं, ऑस्ट्रेलियातला धाकटा मुलगा पोचेपर्यंत. मी दोन दुपारी त्यांच्याजवळ बसले.

दादाने त्या शुक्रवारबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. माझ्याविरुद्ध वहिनीकडेही बोलला नसावा, नाहीतर वहिनीच्या बोलण्यात आलं असतं. निवाडा करणारे दोघंही गेले आहेत आणि हे प्रकरण आमच्यात तसंच पडून आहे. माझ्या बाजूने सांगण्यासारखं होतं ते मी त्या सकाळी सांगून टाकलं.

आता मी आणि दादा उरलो आहोत. दर रविवारी त्याचा फोन येतो. गुडघे, भाज्या, मुलांच्या नोकऱ्या, कधी कधी बाबा, असं आम्ही अर्धा तास बोलतो. त्या शुक्रवारचं बोलत नाही.